माळरानाचा फोटो काढायचा तर सुप्याला जा

फोटोवाल्यांनो, सह्याद्रीचे कडे पुरे झाले! बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम ५ चौ. किमी., पण गवताळ टेकाडं आणि चिंकारा दोन्ही मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी, पवन्या ही गवतं पिवळी पडली की जा. दुपारी माळ अगदी निर्जीव दिसतो. सूर्य कलला की तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते. सूर्याकडे तोंड करून टिपलंत तर कुसळं पेटल्यासारखी चमकतात (मोज्यांतही घुसतात, बूट उंच घाला). वाइड लेन्समध्ये नुसतं आभाळ भरतं. २०० मिमीची लेन्स लावा, टेकड्या एकमेकींना खेटतात. एखादी बाभूळ चौकटीत हवीच. चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा कृपया वाट सोडू नका.