घड्याळ म्हणते चार, मशीन म्हणते पाच

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लागू केले. मजुरांसाठी पाण्याची, पंख्यांची सोय करा, भर उन्हात शिकवणी वर्ग भरवू नका, असा तो आदेश होता. मे अखेरचा हा कडक उन्हाचा नवतपा वऱ्हाडाला नवा नाही. पण रोज चालण्या-पळण्याची सवय लागलेल्यांची या दिवसांत खरी पंचाईत होते. अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर किंवा अमरावतीत वडाळी तलावाकडे फिरायला जाणारे लोक ऊन चढायच्या आत घरी परततात. ज्यांना पहाटे उठणे जमत नाही, ते संध्याकाळी कूलर लावलेल्या जिममध्ये ट्रेडमिल गाठतात. आणि हल्ली यातल्या अनेकांच्या मनगटावर स्मार्टवॉच असते.

व्यायामाचे वेड या भागात जुने आहे. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्या काळी आखाड्यात मोजमाप म्हणजे जोर किती, बैठका किती, एवढेच. आता अर्ध्या तासाच्या चालण्यातून वेग, अंतर, चढ, हृदयाचे ठोके, पावले, कॅलरी असे डझनभर आकडे निघतात. अडचण एवढीच, की ते एकमेकांशी जुळत नाहीत.

मशीनच्या पडद्यावर ५ किलोमीटर आणि घड्याळात ४.१, हे दृश्य कोणत्याही जिममध्ये दिसते. मग ट्रेनरला हाक जाते, ‘सर, यातलं खरं कोणतं?’ याचे उत्तर समजायला दोघांची मोजण्याची पद्धत पाहावी लागते.

ट्रेडमिल माणसाला मोजतच नाही. ती मोजते मोटर आणि रोलर किती फिरले ते, आणि त्यावरून पट्टा किती सरकला याचा हिशेब लावते. घड्याळाचे उलटे आहे. उघड्या रस्त्यावर त्याला उपग्रहाच्या जीपीएसचा आधार असतो. ट्रेडमिलवर माणूस जागचा हलत नाही, म्हणून तो आधार जातो. उरतो तो आतला छोटा सेन्सर, जो हाताचा झोका ओळखतो. झोक्यावरून पावले, पावलांवरून अंतर, असा तो अंदाज असतो. म्हणूनच दोन्ही हातांनी मशीनचा दांडा धरून चालणाऱ्याच्या घड्याळात अंतर हमखास कमी पडते. पाय चाललेले असतात, पण मनगट स्थिर असते आणि घड्याळाला वाटते की माणूस उभा आहे.

म्हणजे अंतरासाठी मशीनवर विसंबावे का? विसंबावे, पण एकदा तपासून. पट्टा सैल झाला, तेल-सिलिकॉन वेळेवर पडले नाही, किंवा वर ऐंशी-नव्वद किलोचा माणूस उभा राहिला, की पट्टा पडद्यावरच्या वेगापेक्षा हळू सरकू शकतो. तपासणी घरच्या घरी होते. मशीनचा प्लग काढून पट्ट्याच्या कडेला खडूची एक खूण करायची, पट्टा हाताने ढकलत टेपने त्याची पूर्ण लांबी मोजायची. समजा ती २८० सेंटिमीटर भरली. मग मशीन ताशी ६ किलोमीटरवर लावून एकाने त्यावर चालायचे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. व्हिडिओत खूण वीस वेळा फिरून यायला किती सेकंद लागले ते पाहायचे. वीस फेऱ्या म्हणजे ५६ मीटर. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर, म्हणून वेळ ३३.६ सेकंद लागायला हवा. ३६ सेकंद लागले, तर पट्ट्याचा खरा वेग ५.६ आहे आणि तासाभरात मशीन ४०० मीटर फुकटचे मोजते आहे. माणूस वर चालत असतानाच हे करायचे, कारण रिकामा पट्टा बरोबर पळाला, तरी वजनाखाली तो हळू होऊ शकतो.

मशीन खरे निघाले, की घड्याळाला त्याच्याकडून शिकवता येते. गार्मिनच्या घड्याळात ट्रेडमिलचा व्यायाम संपवताना ‘कॅलिब्रेट अँड सेव्ह’ असा पर्याय येतो. तिथे मशीनवरचे अंतर भरले, की पुढच्या वेळी घड्याळ त्या माणसाच्या पावलाचा हिशेब सुधारून घेते. ॲपलचे घड्याळ हाच धडा मोकळ्या जागेत घेते. जीपीएस नीट मिळेल अशा ठिकाणी साधारण वीस मिनिटे नेहमीच्या चालीने चालले, की त्याला मालकाचे पाऊल कळते. हिवाळ्यात मैदानावर हे काम उरकून ठेवले, की उन्हाळ्यात जिममध्ये त्याचा उपयोग होतो.

आता दोघांना प्रत्यक्ष जोडण्याविषयी. ‘जोडणे’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि दुकानात त्यांची सर्रास गल्लत होते.

सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त घड्याळांना जमणारी गोष्ट म्हणजे घड्याळाने हृदयाचे ठोके हवेत प्रसारित करायचे आणि ट्रेडमिलने ते आपल्या पडद्यावर दाखवायचे. गार्मिनमध्ये यासाठी ‘ब्रॉडकास्ट हार्ट रेट’ आहे, इतरही काही कंपन्यांच्या घड्याळांत तशी सोय सापडते. यात माहिती एकाच दिशेने जाते, घड्याळाकडून मशीनकडे. दुसरा प्रकार उलट दिशेचा. ब्लूटूथचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये व्यायामाच्या मशीनसाठी ‘फिटनेस मशीन सर्व्हिस’, म्हणजे एफटीएमएस, हे मानक आणले. ते असलेली ट्रेडमिल आपला वेग, अंतर आणि चढ फोनमधल्या झ्विफ्ट किंवा किनोमॅपसारख्या ॲपला कळवते. घड्याळाचे ठोके आणि मशीनचे अंतर तिथे एका नोंदीत येते. तिसरा प्रकार ॲपलचा जिमकिट, तोही २०१७ चाच. मशीनवर ठरलेल्या जागी घड्याळ टेकवायचे, मनगटाला हलका धक्का जाणवतो, आणि मग मशीनकडून चढ व अंतर, घड्याळाकडून ठोके अशी दोन्हीकडची देवाणघेवाण सुरू होते. यासाठी घड्याळाच्या वर्कआउट सेटिंगमध्ये जिमचे उपकरण ओळखण्याचा पर्याय चालू असावा लागतो. हे मुख्यतः लाइफ फिटनेस, टेक्नोजिम, मॅट्रिक्ससारख्या मोठ्या कंपन्यांच्या महागड्या व्यावसायिक मशीनवर मिळते.

घरी मशीन घेणाऱ्यांनी इथे सावध राहावे. खोक्यावर ‘ब्लूटूथ’ लिहिले म्हणजे ते घड्याळाशी बोलेलच असे नाही. स्वस्त ट्रेडमिलमधले ब्लूटूथ पुष्कळदा नुसते मोबाइलवरची गाणी मशीनच्या स्पीकरवर वाजवण्यापुरते असते. पैसे मोजण्याआधी ‘यात एफटीएमएस आहे का?’ हा एकच प्रश्न विचारावा आणि दुकानातच ॲप जोडून दाखवायला सांगावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. त्याचे सर्वांत मोठे कारण चढ हे आहे. रस्त्यावर टेकडी चढताना हवेचा दाब कमी होतो आणि बॅरोमीटर असलेल्या घड्याळाला ते कळते. ट्रेडमिलचा चढ कितीही वाढवला, तरी माणूस त्याच खोलीत त्याच उंचीवर राहतो. घड्याळाच्या लेखी तो सपाटीवरच चालतो. प्रत्यक्षात फरक मोठा आहे. व्यायामशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे ७० किलो वजनाचा माणूस सपाट पट्ट्यावर ताशी ६ किलोमीटरने अर्धा तास चालला, तर सुमारे १४० कॅलरी लागतात. त्याच वेगात ५ टक्के चढ ठेवला, तर हा आकडा २३५ च्या आसपास जातो. चढाची नोंदच नसेल, तर केलेल्या मेहनतीचा मोठा भाग हिशेबातून गळतो. उलट वजन न भरता मशीन सुरू केले, तर ते आपल्या मनाने एक ठराविक वजन धरते आणि ५० किलोच्या ताईंना व ९५ किलोच्या काकांना सारख्याच कॅलरी दाखवते.

तरीही कॅलरीच्या आकड्यावर फार जीव टाकू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांना मनगटावरची सात उपकरणे बांधून ट्रेडमिल आणि सायकलवर तपासले. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले. ‘घड्याळाने ३०० दाखवले’ म्हणून गिला वड्याची दुसरी प्लेट मागवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

ठोक्यांचे मोल मात्र खरे आहे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताच्या प्रवाहातला चढउतार टिपतो. मनगटाचा पट्टा सैल असेल, घामाने घड्याळ सरकत असेल, तर आकडा भरकटतो. म्हणून व्यायामापुरते ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधावे.

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांची ट्रेडमिलशी पहिली गाठ जिममध्ये पडत नाही, ती डॉक्टरांकडच्या टीएमटीमध्ये, म्हणजे ट्रेडमिलवरच्या हृदयतपासणीत पडते. त्या तपासणीची सर्वाधिक रूढ पद्धत अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाते. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढावर होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. तिथे छातीला तारा जोडलेल्या असतात, शेजारी डॉक्टर असतात. घड्याळ त्याची जागा घेऊ शकत नाही. कमाल ठोक्यांसाठी वापरले जाणारे ‘२२० वजा वय’ हे सूत्रही सरासरीचे आहे. २००१ मध्ये सुचवलेल्या २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने साठ वर्षांच्या माणसाचे कमाल ठोके १६० ऐवजी १६६ येतात. आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळी सुरू असेल, तर ठोके मुळातच दाबलेले राहतात. घड्याळ मग ‘अजून जोर लावा’ म्हणत राहते. अशांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या खोलीत त्याच वेगाला ठोके नेहमीपेक्षा वर गेलेले दिसले, तर तो उष्म्याचा परिणाम समजून वेग कमी करावा. तेव्हा हट्ट धरू नये.

घड्याळ आणि ट्रेडमिलच्या जोडणीचा सगळ्यांत चोख उपयोग करून घेऊ शकतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. १६०० मीटर सहा मिनिटांत म्हणजे ताशी १६ किलोमीटर. बऱ्याच घरगुती ट्रेडमिल १२ ते १४ वरच थांबतात, तेव्हा या मुलांना जिमचे दमदार मशीनच लागते. तिथे १६ च्या वेगाने ९० सेकंद पळाले, की बरोबर ४०० मीटर होतात. मग मशीन हळू करून ठोके किती लवकर उतरतात ते घड्याळात पाहायचे. आठवड्यागणिक ते लवकर उतरू लागले, तर दम वाढतो आहे. मैदानावर समोरून हवा लागते, पट्ट्यावर लागत नाही. ती उणीव भरून काढायला चढ १ टक्का ठेवावा, असे १९९६ चे एक ब्रिटिश संशोधन सांगते. अर्थात आठवड्यातून एकदोनदा मातीच्या मैदानावर पळणे या मुलांना चुकवता येणार नाही, कारण परीक्षा तिथेच होते.

अमरावती-अकोल्यातल्या जिमचालकांना एक विनंती. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक ट्रेडमिलची खडूची चाचणी घ्या, पट्ट्याला सिलिकॉन द्या आणि तपासलेली तारीख व खरा वेग मशीनवर चिकटवून ठेवा. वर्गणी भरणाऱ्या माणसाला आपण किती चाललो हे खरे कळायला हवे, आणि त्यासाठी टेप, खडू आणि दहा मिनिटे पुरतात.