प्रद्युमनसाहेबांचं सेवापुस्तक

एप्रिल 2025 मधला पहिला शनिवार-रविवार. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरात रात्री दहाला टीव्ही लागलेला. 'सीआयडी' मालिकेतल्या खलनायक बार्बोझाच्या बॉम्बनं स्फोट झाला, एसीपी प्रद्युमन गेले असं दाखवलं, आणि आईनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. पुढची जाहिरातसुद्धा बघितली नाही. "कुणी सांगितलंतं ह्यांना मारायला?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दुधाला विरजण लावलं.

सकाळी शेजारचे हवालदारकाका फाटकापाशी पेपर घेऊन उभे होते. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षं झाली. आता ऐंशीला टेकलेत. आईचा चेहरा बघून म्हणाले, "काकी, काय मनावर घेऊ नका. सेवापुस्तकात नोंद पडल्याबिगर सरकारी माणूस सुटत नसतोय."

काका हे थट्टेत बोलले, तरी सत्तावीस वर्षांचा हिशेब त्यात होता. 'सीआयडी' आमच्या गल्लीनं कशी पाहिली, कधी श्वास रोखून, कधी हसत, कधी नुसतीच सवय म्हणून, तो हिशेब मांडायला ही वेळ बरी आहे.

21 जानेवारी 1998 ला सोनीवर मालिका सुरू झाली. मी तेव्हा आठवीत. केबलची काळी वायर गच्चीगच्चीवरून उड्या मारत आमच्या खिडकीपर्यंत आली होती. आप्पा उद्यमनगरात लेथवर होते. संध्याकाळी घरी आले तरी बोटांना कुलंटचा वास असायचा. एसीपी प्रद्युमनच्या भूमिकेत शिवाजी साटम दिसल्या दिसल्या ते म्हणाले, "हा तर एक शून्य शून्यवाला!" 'सीआयडी' करणाऱ्या बी. पी. सिंह यांनीच मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती आणि तिच्यातही साटम होते. बँकेतली नोकरी सांभाळून नाटक करणारा हा नट आमच्या घरासाठी तेव्हाच ओळखीचा होता. पुढे 'लगान' काढणारे आशुतोष गोवारीकर सुरुवातीच्या चमूत इन्स्पेक्टर होते. अश्विनी काळसेकर होत्या. हिंदी मालिकेत एकामागून एक मराठी माणसं दिसायला लागली, आणि 'हा आपला, ही आपली' असं बोट दाखवणं हा गल्लीचा पहिला प्रतिसाद होता. खून कुणी केला, हे त्यानंतर.

दुसरा प्रतिसाद म्हणजे हवालदारकाकांचा वैताग. ते तेव्हा नोकरीत होते आणि प्रत्येक भागात पाच-सहा चुका काढायचे. राज्याचं सीआयडीचं मुख्यालय पुण्यात. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद आयुक्तालयातलं. कोल्हापूरला पोलीस अधीक्षक, आणि खुनाचा तपास ठाण्याकडं नाहीतर एलसीबीकडं, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेकडं. "आम्ही व्हिसेरा पुण्याला पाठवून महिनोन् महिने वाट बघतोय, आणि ह्या मालिकेतल्या डॉक्टर साळुंखेला नळी हलवली की रिपोर्ट!" असं ते करवादायचे. पण दहा वाजले की खुर्ची ओढून पुढं बसणारेही तेच. त्यांच्या चिडण्यात थोडा हेवाही असावा. ज्या खात्यात त्यांनी आयुष्य काढलं, ते पडद्यावर एकदाचं वेळेवर चालत होतं.

न चुकणारा, न थकणारा, न म्हातारा होणारा तपासनीस मराठी घराला नवा नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय, झुंझार, काळापहाड पहिल्या पुस्तकात ज्या वयाचे, त्याच वयाचे शेवटपर्यंत. आप्पांच्या पिढीनं ती पुस्तकं वाचनालयातून पान सुटेपर्यंत वाचली. अर्नाळकर 1996 मध्ये गेले आणि दोन वर्षांनी 'सीआयडी' आली. आप्पा रात्री जेवणानंतर जी तासभर भूल वाचनात शोधायचे, ती त्यांना तिथं मिळाली. पुस्तक एकट्यानं वाचायचं, ही मात्र सगळ्यांनी मिळून पाहायची. त्यामुळं आमच्याकडं एक अलिखित पैज असायची. पाहुणा नट ओळखीचा निघाला की खुनी तोच, हा आईचा नियम. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तो, हा माझा. आप्पा मात्र पहिल्या जाहिरातीपर्यंत गप्प राहून एकच नाव घ्यायचे आणि चुकले की म्हणायचे, "लेखकाचं सेटिंग हललंय."

वीज हा तेव्हाचा मोठा खलनायक. एकदा मालिकेतला इन्स्पेक्टर दया कुणाच्या तरी कानाखाली वाजवणार, तेवढ्यात लाईट गेली. सगळी गल्ली अंधारात दारात येऊन उभी. शेवटी पलीकडच्या घरातून इचलकरंजीच्या पाहुण्यांना फोन लागला, आणि काकूंनी माडीवरून ओरडून निकाल दिला, "मेव्हणाऽऽ!" लोक समाधानानं आत गेले.

2004 मध्ये मालिकेनं 111 मिनिटांचा भाग एकाही कटशिवाय चित्रित केला. त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. आम्हाला ती नोंद नंतर कळली. पाहताना इतकंच जाणवलं की कॅमेरा माणसांच्या मागून चालतोय आणि थांबतच नाही. आप्पांनी दाद दिली ती त्यांच्या भाषेत. "जॉब चकमधनं न काढता एका सेटिंगमधी पुरा केला." लेथवरच्या माणसाकडून याहून मोठं कौतुक नाही.

स्वतःच्या गुन्हेगार मुलाला, नकुलला, एसीपी गोळी घालतात तो भाग मात्र बायकांनी वेगळा पाहिला. कर्तव्य वगैरे त्यांना पटलं, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना चर्चा एकच होती की घरी जाऊन हा माणूस जेवला असेल का. मालिकेनं एसीपींचं घर फारसं कधी दाखवलंच नाही. त्यामुळं बायकांनी ते आपापल्या मनात थाटलं.

2010 च्या आसपास पाहणाऱ्यांचा सूर बदलला. शुक्रवार-शनिवारची रात्र तीच, पण आता लोक हसायला लागले. 'कुछ तो गडबड है' आणि 'दया, दरवाजा तोड दो' ही वाक्यं मालिकेतून सुटून गावभर झाली. गल्लीतली पोरं शेडच्या पत्र्याला खांदे मारायची आणि मालकाच्या शिव्या खायची. 2014 च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्ये दया साकारणाऱ्या दयानंद शेट्टींकडून तेच दार पुन्हा तोडून घेतलं, तेव्हा थिएटरात उठलेली शिट्टी ही निव्वळ थट्टेची नव्हती. शेट्टी मूळचे मैदानी खेळाडू, थाळीफेकवाले. त्यामुळं ते दार त्यांच्या अंगाला शोभायचंही.

आप्पांनी ते वाक्य आपल्या कामात घेतलं होतं. एकदा डबा द्यायला गेलो होतो. त्यांनी नुकताच उतरवलेला जॉब फडक्यानं पुसला, व्हर्नियर लावला, चष्मा कपाळावर सरकवून बारीक रेघांकडं पाहिलं. मग मोकळ्या हाताची बोटं हवेत तशीच फिरवली, जशी एसीपी फिरवतात, आणि शेजारच्या पोराला म्हणाले, "कुछ तो गडबड है." अगदी बारीक, दोन थाऊचा फरक होता. पोरानं जॉब मुकाट्यानं परत मशीनला लावला. ती हातवाऱ्याची नक्कल शॉपमध्ये सगळेच करायचे. कुणाची चूक काढताना आवाज न चढवण्याची ती एक रीत झाली होती.

याच काळात, सप्टेंबर 2014 मध्ये, अमेरिकेत 'फॉरेव्हर' नावाची मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कमधला डॉ. हेन्री मॉर्गन प्रेतांची तपासणी करून खून उलगडतो, आणि स्वतः मात्र दोनशे वर्षं मरत नाही. मेला की अंगावर कपड्याशिवाय पाण्यातून वर येतो. म्हणजे साळुंखे आणि अश्वत्थामा एकाच माणसात, फक्त जखमेशिवाय. पाहणाऱ्यांना तो आवडलाही; पण 22 भागांनंतर, मे 2015 मध्ये, वाहिनीनं मालिका बंद केली. चाहत्यांनी विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. पटकथेनं ज्याला अमर केलं, तो एका हंगामात संपला.

आमच्या एसीपींना पटकथेनं असलं कुठलं वरदान दिलं नव्हतं. हवालदारकाकांनी एकदा कागदावर हिशेब काढला होता. साटमांचा जन्म 1950 चा. राज्य पोलिसात निवृत्तीचं वय 58. म्हणजे प्रद्युमनसाहेब 2008 मध्ये नारळ, शाल आणि पेन्शनची फाईल घेऊन घरी जायला हवे होते. "सेवापुस्तकाचं शेवटचं पान भरून गेलं, तरी माणूस ड्युटीवर!" काका म्हणायचे. ते स्वतः वेळेवर निवृत्त झाले होते, आणि दुसऱ्या सोमवारी सवयीनं वर्दीच्या खुंटीकडं हात गेला होता, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

27 ऑक्टोबर 2018 ला, 1547 भागांनंतर, मालिका थांबली. गल्लीत फारशी हळहळ दिसली नाही. तरुण मोबाईलकडं वळलेले. ज्येष्ठांनी बंद झाल्याचं मानलंच नाही, कारण जुने भाग कुठं ना कुठं लागतच होते. 2020 च्या टाळेबंदीत आप्पांनी ते ओळीनं पाहिले. खुनी कोण हे पाठ असूनही पहिल्या जाहिरातीला नाव घ्यायचे आणि बरोबर आलं की खूश व्हायचे. "चीटिंग हाय ही," आई म्हणायची. "चीटिंग न्हवं, अनुभव," आप्पा.

2022 च्या पावसाळ्यात आप्पा गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरात दिनेश फडणीस गेल्याची बातमी आली. मालिकेत फ्रेड्रिक्स म्हणून ज्यांनी वीस वर्षं हसवलं, ते सत्तावन्नाव्या वर्षीच. आईनं मोबाईलवर त्यांचा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "ह्याची बायको लई कडक दाखवलीती न्हवं?" मालिकेतली बायको आणि खरं मरण एका वाक्यात तिनं असं सहज ठेवलं. इतकी वर्षं घरात येणाऱ्या माणसाचं खरं-खोटं वेगळं करत बसायला तिला वेळ नव्हता.

21 डिसेंबर 2024 ला मालिका परत आली. शनिवारी-रविवारी, पुन्हा दहालाच. आईनं साडेआठला जेवणं उरकली. माझा दहा वर्षांचा मुलगा, ज्याला हे सगळे फक्त मोबाईलवरच्या विनोदी चित्रांतून माहीत होते, तो तिच्याजवळ येऊन बसला. खुनी ओळखायचा नियम तिनं त्याला शिकवला. आप्पांचा, स्वतःचा नव्हे. पहिल्या जाहिरातीपर्यंत गप्प राहायचं, मग एकच नाव.

आणि साडेतीन महिन्यांत तो बॉम्ब. वाहिनीनं 1998 ते 2025 अशी सालं घालून श्रद्धांजली जाहीर केली. देशभरच्या चाहत्यांनी आरडाओरडा केला. पार्थ समथान नवे एसीपी आयुष्मान म्हणून आले, तर त्या बिचाऱ्यालाही बोलणी खावी लागली. असं पूर्वीही झालंय. 1893 मध्ये कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं. वाचक चिडले, मासिकाची वर्गणी बंद करणारे निघाले, आणि दहा वर्षांनी, 1903 मध्ये, डॉयलला होम्स मेलाच नव्हता असं लिहावं लागलं. डॉयलनं दहा वर्षं दम धरला. इथं काही आठवड्यांतच साटम परतले.

मधले ते आठवडे आई दहाला टीव्ही लावत नव्हती. मी एकदा म्हटलं, "अगं, नाटक असतंय ते. नवा माणूसपण बरा आहे, बघ तर." भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बरा असंल. पण एक माणूस तरी ठेवा की जागेवर." मी पुढं काही बोललो नाही.

साटम परतले त्या रात्री हवालदारकाका काठी टेकत आले. आईनं चहा दिला. एसीपी पडद्यावर आले, बोटं फिरवली, आणि आईचं पहिलं वाक्य कौतुकाचं नव्हतं. "गोष्ट काय दमदार न्हाई आता. खुनी पहिल्या मिन्टाला कळला."

मुलानं विचारलं, "आज्जी, एसीपी किती वर्षांचा आहे?"

"माझ्याएवढा."

"मग रिटायर का होत नाही?"

काकांनी लगेच मान वर केली. 2008 चा हिशेब त्यांच्या ओठावर होता. आईनं हातानंच त्यांना थांबवलं.

"जाहिरात संपली," ती म्हणाली. "नाव कुणाचं घेणार, ते सांग."