युरोपीयांच्या इंग्रजीचे हेल

परकी भाषा बोलताना माणूस शब्द आणि व्याकरण तिचे वापरतो, पण जिभेच्या आणि कानाच्या सवयी बहुधा मायबोलीच्याच राहतात. त्यामुळे जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश किंवा रशियन माणसाची इंग्रजी अनेकदा दोन-चार वाक्यांतच ओळखू येते. या बोलण्यातले बदल वरवर मनमानी वाटले तरी ते ठरावीक नियमांनी होतात. मायबोलीची ध्वनिव्यवस्था माहीत असेल, तर तिचा भाषक इंग्रजीत कुठे अडखळेल याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो.

अडचण आधी कानाची

रशियन भाषावैज्ञानिक निकोलाय त्रुबेत्स्कोय यांचा ध्वनिव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. मायबोलीची ध्वनिव्यवस्था चाळणीसारखी असते आणि परक्या भाषेचे ध्वनी त्या चाळणीतूनच ऐकले जातात, असे त्यांनी त्यात मांडले. ही चाळणी फार लवकर तयार होते. 1984 मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना त्यांतला फरक कळत होता. वर्षाची होत आलेल्या मुलांपैकी मात्र फारच थोड्यांना तो कळला. मायबोलीला नको असलेला फरक टिपणे कान सोडून देतो.

अमेरिकी संशोधक जेम्स फ्लेगे यांनी 1995 मध्ये यात एक भर घातली. अगदी नवखा ध्वनी कालांतराने जमू शकतो. मायबोलीतल्या ध्वनीशी जवळजवळ जुळणारा ध्वनी मात्र अधिक त्रास देतो, कारण तो वेगळा असल्याचेच लक्षात येत नाही. इंग्रजीत शब्दारंभीच्या 'प', 'ट', 'क'मध्ये महाप्राणाची छटा असते. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, डच, ग्रीक आणि स्लाव्ह भाषांत ती नसते. त्यामुळे स्पॅनिश माणसाने म्हटलेले 'पिन' इंग्रजांना 'बिन' असे ऐकू येऊ शकते. मराठी भाषकही इंग्रजी 'प' अल्पप्राणच उच्चारतात.

जर्मन आणि डच

जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन टिकत नाही. 'ग'चा 'क' होतो, 'ड'चा 'ट' होतो. हाच नियम इंग्रजीला लागला की 'डॉग'चे 'डॉक' आणि 'बॅड'चे 'बॅट' होते. त्यातच 'अॅ' आणि 'ए' हे स्वर एकमेकांत मिसळतात, म्हणून 'बॅड', 'बॅट', 'बेड' आणि 'बेट' हे चारही शब्द जवळपास सारखे ऐकू येतात. डच माणसाच्या इंग्रजीतही या दोन्ही खुणा आढळतात.

इंग्रजीत 'व'चे दोन प्रकार आहेत. एक ओठांचा चंबू करून उच्चारतात, तर दुसरा खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून. आजच्या जर्मनमध्ये पहिला नाही, म्हणून 'वाइन' म्हणताना जर्मन माणसाचे दात ओठाला लागतात. ही सवय मोडायची म्हणून तो जिथे दात लावायला हवेत तिथेही चंबू करतो, आणि 'व्हेरी'सारखा शब्द उलट्या बाजूने बिघडतो. एका 'व'वर दोन्हींचे काम भागवणाऱ्या मराठी भाषकालाही ही अडचण नवी नाही.

फ्रान्स, स्पेन, इटली

फ्रेंचमध्ये 'ह' लिहितात, पण उच्चारत नाहीत. त्यामुळे 'हॅपी'चे 'अॅपी' होते. 'ह' विसरू नये या धास्तीने तो नको तिथेही येऊन बसतो. 'र' पडजिभेजवळून निघतो. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन या तिन्ही भाषकांना जड जातो, कारण त्यांच्याकडे त्या जागी एकच 'इ' असतो.

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आहेत आणि शब्दारंभी 'स'ला जोडून दुसरे व्यंजन येत नाही. म्हणून 'स्कूल'चे 'एस्कूल' आणि 'स्टॉप'चे 'एस्टॉप' होते. हिंदी पट्ट्यातले 'इस्कूल' याच गरजेतून आले. ग्रामीण मराठीने 'स्टेशन'चे 'ठेसन' करून त्याच जोडाक्षरातून दुसरी वाट काढली. स्पॅनिशमध्ये 'ब' आणि 'व्ह' वेगळे नाहीत, त्यामुळे 'व्हेरी' आणि 'बेरी' एक होतात.

इटालियनमधले बहुतेक सगळे देशी शब्द स्वरान्त असतात. त्यामुळे 'बिग' किंवा 'गुड' म्हणताना शेवटी पुसटसा 'अ' लागतो. स्पेनशेजारच्या पोर्तुगालची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथल्या बोलण्यात आघात नसलेले स्वर इतके दबतात की अनोळखी कानाला ती भाषा स्लाव्ह वाटते. इंग्रजीतले दुबळे स्वर स्पॅनिश माणसापेक्षा पोर्तुगीज माणसाला म्हणूनच सोपे जातात.

पूर्व आणि उत्तर युरोप

रशियन आणि पोलिशमध्येही शब्दान्तीची घोष व्यंजने अघोष होतात. रशियनमध्ये साधा 'ह' नाही, त्याऐवजी घशातून घासून येणारा 'ख' ऐकू येतो. काही स्वरांआधीचे व्यंजन रशियन माणूस 'य'ची छटा देऊन मऊ करतो. ग्रीकमध्ये 'स' आणि 'श' असे दोन वेगळे ध्वनी नाहीत, म्हणून 'शी' हे 'सी'च्या जवळ जाते.

स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश आणि फिनिश भाषांत इंग्रजीतला घोष 'झ' नाही, त्यामुळे 'आइझ' म्हणजे डोळे आणि 'आइस' म्हणजे बर्फ यांत फरक उरत नाही. स्वीडिश बोलण्याला चढउताराचा हेल आहे. सुरावरून तिथे अर्थही बदलतो: त्याच अक्षरांचा शब्द एका सुरात 'बदक' होतो आणि दुसऱ्या सुरात 'आत्मा'. तीच चाल इंग्रजीत आली की बोलणे गाण्यासारखे भासते.

एका ध्वनीची अनेक रूपे

'थिंक' आणि 'दिस' या शब्दांच्या सुरुवातीला इंग्रजीत जिभेचे टोक दातांशी ठेवून हवा घासत बाहेर सोडतात. मराठी 'थ' आणि 'द'मध्ये हवा क्षणभर अडते, त्यामुळे हे ध्वनी त्यांहून वेगळे आहेत. युरोपात ते ग्रीक, आइसलँडिक आणि अल्बेनियन अशा मोजक्याच भाषांत आढळतात. स्पेनच्या मोठ्या भागात त्यांतला अघोष ध्वनी आहे. बाकीचे लोक आपापला पर्याय शोधतात. जर्मन आणि फ्रेंच माणसाचे 'थिंक' बहुधा 'सिंक' होते, इटालियन माणसाचे 'तिंक', तर पोलिश माणसाचे कधी 'फिंक'. कॅनडातल्या क्वेबेकचे फ्रेंच भाषक मात्र 'स'ऐवजी 'त'कडे वळतात. 'त' आणि 'स' दोन्हीकडे आहेत, तरी निवड वेगळी पडते. म्हणजे कोणता ध्वनी नाही एवढ्यावर ही निवड ठरत नाही. हाताशी असलेल्यांपैकी कोणता ध्वनी जवळचा वाटतो, यावरही ती अवलंबून असते.

ठेका आणि आघात

सुटे ध्वनी नीट आले तरी ठेका बोलणाऱ्याचा मुलूख सांगून जातो. अमेरिकी भाषावैज्ञानिक केनेथ पाइक यांनी 1945 मध्ये भाषांचे दोन ठेके सांगितले. इंग्रजीत आघातयुक्त अक्षरे साधारण सारख्या अंतराने येतात आणि मधली अक्षरे आक्रसतात. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो. पुढच्या मोजमापांत ही विभागणी इतकी काटेकोर ठरली नाही, पण कानाला जाणवणारा फरक खरा आहे. 'बनाना'मधला पहिला आणि शेवटचा स्वर इंग्रज माणूस जेमतेम उच्चारतो, तर स्पॅनिश माणूस तिन्ही 'आ' पूर्ण म्हणतो. भारतीय इंग्रजीचा ठेकाही याच बाजूला झुकतो.

आघाताची जागाही भाषेगणिक बदलते. चेक, हंगेरियन आणि फिनिशमध्ये तो पहिल्या अक्षरावर असतो, पोलिशमध्ये बहुधा उपान्त्य अक्षरावर, तर फ्रेंचमध्ये शब्दसमूहाच्या शेवटी. इंग्रजीत तो शब्दागणिक पाठ करावा लागतो. म्हणून 'पोलीस' म्हणताना हंगेरियन माणसाचा जोर 'ली'ऐवजी 'पो'वर पडण्याची शक्यता असते.

वय आणि सराव

भाषा शिकण्याचा अनुकूल काळ पौगंडावस्थेपर्यंतच असतो, असे मत एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये मांडले. त्याच्या नेमक्या सीमेवर वाद असला, तरी उच्चारांवर वयाचा मोठा परिणाम होतो हे सर्वमान्य आहे. 1857 मध्ये जन्मलेले पोलिश लेखक जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकले आणि त्या भाषेतले श्रेष्ठ कादंबरीकार ठरले. त्यांच्या बोलण्यातला परकेपणा मात्र आयुष्यभर गेला नाही.

कानावर इंग्रजी किती पडते, यानेही फरक पडतो. नेदरलँड्स, पोर्तुगाल आणि स्कँडिनेव्हियातले देश यांत इंग्रजी चित्रपट मूळ आवाजात, खाली अक्षरे देऊन दाखवतात. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेनमध्ये त्यांवर स्वभाषेतले आवाज चढवण्याची प्रथा आहे. स्पेनमध्ये तर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत 1941 मध्ये तसा हुकूमच निघाला होता.

ऐकणाऱ्याची बाजू

ढबीवरून माणूस जोखला जातो. 1931 च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातल्या बेला लुगोसी यांच्या हंगेरियन ढबीमुळे पुढे पडद्यावरच्या पिशाच्चाचा आवाज तसाच असावा असा संकेत पडला. शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांनी 2010 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साधी माहितीपर विधाने परक्या ढबीत ऐकवली, की श्रोत्यांना ती थोडी कमी खरी वाटत होती.

ढब जड असणे आणि बोलणे न समजणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी 1995 मध्ये दाखवले की अगदी परके वाटणारे बोलणेही अनेकदा पूर्णपणे समजते. जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 मध्ये परस्परांशी इंग्रजी बोलणाऱ्या परभाषकांसाठी आवश्यक उच्चारांची यादी मांडली. स्वरांची लांबी, शब्दारंभीची जोडव्यंजने, महाप्राणाची छटा आणि वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा जोर या गोष्टी तिच्यात आहेत. 'थिंक'मधला अवघड ध्वनी त्यांनी वगळला.

विमान वाहतुकीतही हाच व्यवहार दिसतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार वैमानिकाने रेडिओवर तीनचा आकडा 'ट्री' आणि हजार 'टाउसंड' असा उच्चारायचा असतो. युरोपातही आज इंग्रजीचा मोठा वापर परभाषकांतच होतो. ब्रिटन 2020 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, तरी संघाच्या 24 अधिकृत भाषांत इंग्रजी कायम आहे, आणि ती घरची भाषा असलेले लोक आता तिथे फार थोडे आहेत. अशा ठिकाणी उच्चार लंडनसारखा आहे का, यापेक्षा तो समोरच्या पोलिश, ग्रीक किंवा फिनिश माणसाला समजतो का, याला अधिक महत्त्व आहे.