गोल ओंडक्यांची घरे आणि यंत्रे

फिनलंडमध्ये पाइनचे ओंडके आडवे रचून घरे बांधण्याची परंपरा फार जुनी आहे. पूर्वी सुतार प्रत्येक ओंडका कुऱ्हाडीने तासून खालच्या ओंडक्यावर नेमका बसवीत. पुढे यंत्रे आली. त्यांपैकी एका प्रकारात ओंडका फिरत्या पात्यांच्या कड्यातून सरळ पुढे सरकविला जातो. पेन्सिलीला टोक काढण्याच्या यंत्राची आठवण व्हावी अशीच ही रचना. झाड बुंध्याशी जाड व शेंड्याकडे निमुळते असते. यंत्रातून निघालेला ओंडका मात्र सर्वत्र सारख्याच व्यासाचा असतो. अर्थात बुंध्याकडील बरेच लाकूड ढलप्यांत जाते. यंत्र घेणाऱ्याने ही घट आधीच हिशेबात धरावी. खालच्या अंगाला अर्धगोल खाच पाडली की ओंडके एकमेकांवर नीट बसतात.

ओलाव्यावर मात्र या यंत्रापाशी उपाय नाही. लाकूड वाळताना जाडीत आकसते आणि भिंत दर मीटर उंचीमागे सुमारे १ ते ५ सेंटिमीटर खाली बसते. उभे खांब लांबीत जवळजवळ आकसत नाहीत. म्हणून त्यांना स्क्रू-जॅक लावतात व खिडक्या-दारांच्या वर फट राखतात. ही फट राहून गेल्यास भिंतीचा भार चौकटीवर येतो आणि दारे अडकतात.