दोन सेंटिमीटरची कवटी

काशीदच्या किनाऱ्यावरची गर्दी मागे टाकून फणसाड अभयारण्याकडे वळलं, की भातखाचरं लागतात. त्यांच्या बांधांतले उंदीर म्हणजे गव्हाणी घुबडाचं रोजचं जेवण. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेले केस नि हाडं गोळी करून ओकून टाकतं. ती गोळी पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवली, की आत कवटी सापडते. छोट्या उंदराची असली तर जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, पापडासारखी नाजूक.

बाहेरून सारखे दिसणारे उंदीर या कवटीवरून वेगळे ओळखता येतात. घरातल्या छोट्या उंदराच्या वरच्या पटाशीच्या दातांना मागून खाच असते, हीच एक मोठी खूण.

कवटी राखून ठेवण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी हाती घेतली, ती खानदेशापासून. कातड्यांसोबत कवट्याही जपल्या गेल्या, गावाच्या नि तारखेच्या चिठ्ठीसकट. असीरगडच्या उंदरावरून सस्तन प्राण्यांचे अभ्यासक रॉटन यांनी १९१२ मध्ये नवी जात नोंदवली. या पाहणीमागे धडपडणारे सोसायटीचे सचिव मिलार्ड यांचं नाव उंदरांच्या एका जातकुळीला मिळालं: मिलार्डिया. पुढे १९७५ मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी त्याच जातकुळीतली एक नवी जात सिंहगडावरून जगासमोर आणली. तिचं नाव मिलार्डिया कोंडाणा. गडाचं जुनं नाव प्राणिशास्त्रात कायमचं कोरलं गेलं, याचा आनंद वाटतो.

एकाच जातीच्या उंदरांच्या कवट्याही गावोगाव थोड्या वेगळ्या असू शकतात. एक कारण अंतराचं आणि आडोशाचं. काशीद ते सिंहगड सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. पण मधे सह्याद्री उभा आहे. अशा आडोशाने उंदरांची सोयरीक तुटते आणि पिढ्यान्‌पिढ्या छोटे फरक साठत जातात. दुसरं कारण अन्नाचं. टणक दाणे फोडणाऱ्या जबड्यावर स्नायूंचा ताण जास्त पडतो आणि हाड त्याप्रमाणे घडतं. दक्षिण हिंदी महासागरातल्या गियू बेटावर १९९० च्या दशकात ससे हटवले, झाडोरा बदलला, उंदरांचं खाणं बदललं. काही वर्षांतच त्यांच्या खालच्या जबड्याची ठेवणही बदललेली दिसली. नुसती लांबी-रुंदी मोजून असे बारकावे हाती लागत नाहीत. म्हणून अभ्यासक कवटीच्या छायाचित्रावर ठरावीक बिंदू टिपतात आणि संगणकावर एकेका गावच्या कवट्या ताडून पाहतात.

तुलनेसाठी मात्र कवटीचं गाव ठाऊक असावं लागतं. जुन्या कौलारू घराच्या माळ्याखाली किंवा झाडाच्या ढोलीपाशी घुबडाची गोळी मिळाली, तर ती वाळवून डबीत ठेवावी आणि वर लिहावं: काशीद, तालुका मुरुड, आणि त्या दिवसाची तारीख.