फूल उलटून पाहा

आमचे दर्यापूर खारपाणपट्ट्यातले. चौफेर सपाट काळी जमीन, तीत पऱ्हाटी, तूर आणि हरभरा. पावसाळ्यात आकाश निवळले म्हणजे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, तेवढाच आमचा डोंगर. अशा मुलखातल्या मास्तराने हिमालयातल्या फुलांवर बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण बद्रीनारायणाला जाऊन आलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्याच वाटेवर गोविंदघाटाला उतरून, भ्यूंडार नदीच्या काठाने घांगरियापर्यंत चढून गेले की पुढे ती प्रसिद्ध ‘फुलांची दरी’ लागते. फ्रँक स्माइद हा इंग्रज गिर्यारोहक १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना या दरीत उतरला आणि १९३८ साली त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली, २००५ साली जागतिक वारसा ठरली. तिथे फूल तोडण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे ओळख पटवायची ती उभ्या झाडाशी वाकून, डोळ्यांनीच.

इथेच माझी फजिती झाली. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. गुलाबाच्या कुळातली फुले तिथे उतारावर पसरलेली असतात. (या कुळात सुमारे ३००० जाती आहेत, सफरचंद, बदाम, स्ट्रॉबेरी सगळी त्यातलीच.) मी रंगावरून नावे सांगत सुटलो. हे लाल, हे एक. हे पिवळे, हे दुसरे. एका विद्यार्थ्याने सहलीच्या वहीत लिहिले, ‘लाल व पिवळे फूल एकाच जातीचे असावे, कारण पाने सारखी आहेत.’ मी त्यावर लाल रेघ मारून दोन गुण कापले.

त्या पोराचे म्हणणे बरोबर होते. त्या झाडाचे नाव पोटेन्टिला अॅट्रोसँग्विनिया. लॅटिन नावाचा अर्थ ‘काळपट रक्तवर्णी’, आणि गंमत अशी की याच जातीत पिवळ्या फुलांचा प्रकार आहे, मधले नारिंगीही सापडतात. पूर्वी लाल आणि पिवळ्या दोन वेगळ्या जाती मानीत, आता एकाच जातीचे प्रकार मानतात. पान मात्र तेच: पळसाला पाने तीन, तशी तीन पर्णिका, कडेला दाते, आणि पान उलटून पाहिले तर खाली रुपेरी लव. दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या आसपास, खालच्या उतारांवर, आणखी एक गुलाबी-तांबडे पोटेन्टिला भेटते, नेपाळेन्सिस. रंगावरून दोघांत घोटाळा होतो, पण याच्या खालच्या पानाला पर्णिका पाच, हाताच्या पंजासारख्या पसरलेल्या, आणि पाठ हिरवी. पान मोजले की वाद मिटतो.

आता पिवळ्या फुलांचे. मी ज्यांना सरसकट ‘पिवळे’ म्हणत होतो, त्यांत खरे तर तीन निरनिराळी घराणी होती. हे मला उलगडले ते त्याच पोरामुळे. त्याचे वडील कास्तकार. तो फुलाशी ओणवा होऊन म्हणाला, “सर, मांगून पाहा न, पऱ्हाटीच्या पातीवानी आखीन एक झालर हाये याले.”

पऱ्हाटीची पाती तुम्ही रोज पाहता. कळीला बाहेरून तीन हिरव्या दातेरी पानांचे वेष्टन असते, ते फुलाच्या खऱ्या हिरव्या वाटीहून वेगळे. पोटेन्टिलाच्या फुलामागेही तसेच आहे: पाच हिरवी दले, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारी आणखी पाच बारीक. पऱ्हाटी काही गुलाबाच्या कुळातली नव्हे. तिचे पुंकेसर एका नळीत जुळलेले असतात, इथे ते सुटे असतात. पण झालर कशी असते हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

ही झालर नसेल, पाकळ्या तूप चोपडल्यासारख्या चकाकत असतील, तर ते बहुधा रॅननक्युलस. ते गुलाबाचे नातलगच नव्हे, आणि त्याचा चीक अंगाला झोंबतो. मुलांनी ते चावू नये. झालर आहे, पण फूल किंचित खाली झुकलेले, आणि बुडाचे पान काहीसे मुळ्याच्या पानासारखे, टोकाची पर्णिका सर्वांत मोठी, असे असेल तर ते जिअम. पाकळ्या गळेपर्यंत थांबता आले तर खात्री होते. जिअमच्या प्रत्येक बीला शेपटी राहते, पोटेन्टिलाची झडून जाते.

नावांवरही विसंबू नये. उत्तराखंडात एका पोटेन्टिलाला वज्रदंती म्हणतात. आपल्याकडे वज्रदंती म्हणजे पिवळी कोरांटी. दोघींचे काडीचेही नाते नाही.

खाण्याच्या बाबतीतही असेच होते. रानस्ट्रॉबेरीचे फूल पांढरे. तिच्यासारखीच तीन पर्णिका, तसेच जमिनीवर धावणारे ताणे, पण फूल पिवळे, आणि मागच्या झालरीची पाने आतल्या दलांहून मोठी, टोकाला दाते असलेली, ती खोटी स्ट्रॉबेरी. फळ लालचुटूक, पण आत भुसभुशीत आणि बेचव. अपाय नाही, निराशा मात्र पुरेपूर.

सहलीला जाणाऱ्या गुरुजींना एक सुचवतो. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, पण सगळे फुलाचे तोंडच टिपतात. एका झाडाची तीन चित्रे घ्यावीत: फूल समोरून, फूल मागून, आणि पान खालून. तोडावे काहीच लागत नाही.

परत आल्यावर मी ग्रंथ काढून पाहिले, वर्गात चूक सांगितली, वहीवरची रेघ खोडून खाली सही केली. गुण मात्र तोवर वर पाठवून झाले होते. ते काही परत आले नाहीत.

ज्यांना हिमालय दूर, त्यांनी हिवाळ्यात चिखलदऱ्याला जावे. अंजनगाव, परतवाडा, की घाट लागलाच. तिथे स्ट्रॉबेरीची शेती होते. पांढरे फूल हलकेच वळवून पाहा, पाच दलांमागे दुसरी पाच दिसतील. मात्र मालकाला विचारून, आणि देठ न मोडता. तिथल्या एका फुलाचे पुढे एक फळ होते, आणि ते त्याचे आहे.