'क्रेडिट' : शब्द एक, अर्थ अनेक

आमच्या सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर महिन्याच्या सुरुवातीला संदेश येतो, 'क्रेडिटेड'. घरात आनंद होतो, कारण पगार जमा झाला. त्याच घरात क्रेडिट कार्डाचे बिल आले की चेहरे उतरतात. शब्द तोच, मग एकदा जमा आणि एकदा उधार कशी?

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि अर्थ आहे 'विश्वास ठेवणे'. उर्दूत आपण एतबार किंवा साख म्हणतो, मराठीत पत. म्हणूनच 'क्रेडिट सोसायटी'ला आपण पतसंस्था म्हणतो. आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा आपला विश्वास बँकेवर असतो. ते पैसे बँक आपल्याला देणे लागते, म्हणून ती आपल्या नावे 'क्रेडिट' लिहिते. कार्डावर खरेदी करतो तेव्हा बँकेचा विश्वास आपल्यावर असतो आणि देणे आपल्याकडे असते.

कार्डाच्या बिलावर 'मिनिमम ड्यू' ही छोटी रक्कम दिसते. तेवढीच भरली की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज लागते.

पत मोजण्याचे आकडेही आले आहेत. सिबिल स्कोअर 300 ते 900 यांच्यामध्ये असतो. हप्ते चुकले की तो घसरतो. नातेवाइकाच्या कर्जाला आपण जामीनदार राहिलो आणि त्याने पैसे थकवले, तर आपलीही पत खराब होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो. ज्या भगिनींच्या नावावर काहीच व्यवहार नाही, त्यांच्या पतीची नोंद कितीही चांगली असली तरी त्यांची स्वतःची पत बँकेच्या कागदावर कोरीच राहते.

कागदाचे महत्त्व आपल्या भागाने फार पूर्वी अनुभवले आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. ते सुपे वेगळे, बारामतीकडचे. पण ही आग आपल्या पारनेर तालुक्यापर्यंत आली होती. शेतकऱ्यांचा राग कर्जरोख्यांवर होता. न वाचता अंगठे दिलेले ते कागद त्यांनी ताब्यात घेऊन जाळले. त्यानंतर 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, याच विषयावर आहे. मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, अशी तिची शिकवण आहे. त्याआधी 280 व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवलत देण्यास सांगितले आहे. भावाभावांतही लिखापढी करावी ती अविश्वासामुळे नव्हे, तर नाते टिकावे म्हणून.

आता या शब्दाचा उपयोग ठगही करतात. 'चुकून तुमच्या खात्यात पैसे क्रेडिट झाले, परत पाठवा,' असा फोन येतो. अशा वेळी संदेशावर न जाता आधी खात्यातील शिल्लक पाहा. खरेच जमा झाले असतील तर बँकेला कळवा. परस्पर पाठवू नका. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा.

क्रेडिटचा आणखी एक अर्थ आहे, श्रेय. पगार जमा झाल्याचा संदेश येतो, पण तो पगार महिनाभर पुरवणाऱ्या गृहिणीच्या नावे कुठलाच संदेश येत नाही. तिच्या नावाचे खाते नसेल तर या महिन्यात जरूर उघडा, आणि त्याचा पिन तिच्याकडेच राहू द्या.